द्राक्षबागेचे छप्पर आणि संशोधनाचा पाया

ऑक्टोबरमधील गोडी छाटणी आटोपली, की निफाडपासून तासगावपर्यंतचा द्राक्ष बागाईतदार जमिनीकडे कमी आणि आभाळाकडे अधिक पाहू लागतो. पावसाळा एकदा परतला, की पुढचे चार महिने आभाळ निरभ्र राहणार, या विश्वासावर महाराष्ट्रातील द्राक्षशेती उभी राहिली. तो विश्वास आता उरलेला नाही. मार्च २०१४ मधील गारपिटीने काढणीला आलेल्या बागा मातीत मिळवल्या. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात पाठोपाठ उठलेल्या ‘क्यार’ आणि ‘महा’ या चक्रीवादळांच्या काळात पाऊस हटता हटला नाही आणि कोवळे घड वेलीवरच कुजले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात पुन्हा गारा कोसळल्या. अपवाद म्हणून ज्याकडे पाहावे, तेच वारंवार घडू लागले, की त्याला अपवाद म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक ठरते.

तेव्हा बागेवर छप्पर घालावे, ही मागणी पुढे आली यात नवल नाही. वेलींच्या ओळींवर लोखंडी कमानी उभारून त्यांवर प्लास्टिकचे आच्छादन ताणावयाचे, ही ती कल्पना. राज्य सरकारनेही नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर अशा आच्छादनास अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. एकरी चार-पाच लाख रुपयांच्या घरातील हा खर्च आहे. तो परवडतो की नाही, एवढाच प्रश्न सध्या चर्चिला जात आहे. वस्तुतः त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. हे छप्पर आपल्या हवेत, आपल्या मातीत आणि आपल्या वाणांवर नेमके काय करते, हे शोधून काढण्याची जबाबदारी कोणाची? अनुदान हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

छपराखाली काय घडते?

आच्छादनाचा लाभ उघड आहे. डावणी ही द्राक्षाची सर्वांत घातक बुरशी. तिच्या बीजाणूंना पानावर पाण्याचा थर लागतो. पान कोरडे राहिले, की ती थंडावते आणि फवारण्यांची संख्या घटते. गारांपासून घड वाचतो, अवेळी पावसाने मणी तडकत नाहीत. एवढ्यावरून छप्पर म्हणजे वरदान, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे.

परंतु शेतीत कोणतेही वरदान एकटे येत नाही. भुरीला पानावर पाणी लागत नाही. दमट आणि सावलीची हवा तिला मानवते. म्हणजे एका रोगाचा दरवाजा लावताना दुसऱ्याचा उघडला जाण्याचा संभव आहे. पावसाने धुतली न जाणारी पाने लाल कोळ्याला आवडतात. खरड छाटणीनंतरच्या ज्या दिवसांत डोळ्यांमध्ये पुढील हंगामाचे घड आकार घेतात, त्या दिवसांत वेलीला भरपूर ऊन लागते. त्या वेळी प्लास्टिक डोक्यावर राहिले, तर पुढच्या वर्षी पानोळा दिसेल आणि घड शोधावे लागतील. छपराखाली उष्मा वाढतो. मण्यात गोडी उतरण्याचा काळ लांबू शकतो आणि निर्यातीच्या बाजारात पंधरा दिवसांचा उशीरही भावाला भोवतो. वेलीचे ओझे पेलण्यासाठी उभारलेल्या मांडवावर शिडासारखे प्लास्टिक चढवले, की वैशाखातील वावटळीत तो मांडवच उखडण्याची भीती. आणि उन्हाने तीन ते पाच वर्षांत जीर्ण होणारे हे प्लास्टिक पुढे जावयाचे कोठे, हा प्रश्न वेगळाच.

यांपैकी कोणतीही अडचण अनुल्लंघ्य नाही. प्लास्टिकची जाडी, त्यातून झिरपणारा प्रकाश, कमानीची उंची, मध्ये सोडावयाची फट, आच्छादन घालण्याची आणि काढण्याची वेळ यांचा मेळ घातला, तर मार्ग निघेल. मात्र हा मेळ नाशिकच्या काळ्या मातीत एक असेल, सोलापूरच्या उन्हात दुसरा आणि सांगलीच्या दमट हवेत तिसरा. थॉम्पसनला जे मानवेल, ते रंगीत वाणाला मानवेलच असे नाही. हे ज्ञान कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले नसते. ते बागेत, निदान चार-पाच हंगाम, नोंदी ठेवून मिळवावे लागते.

पॉलिहाउसचा धडा

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. येथे तर ठेच आपल्यालाच लागलेली आहे. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाल्यानंतर पॉलिहाउस आणि शेडनेट यांना खर्चाच्या पन्नास टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू लागले. २०१४ च्या निकषांप्रमाणे साध्या पॉलिहाउसचा खर्च चौरस मीटरला साडेआठशे ते हजार रुपयांच्या आसपास धरला होता. म्हणजे दहा गुंठ्यांस सुमारे नऊ-दहा लाख रुपये. तरुण, शिकलेल्या मुलांनी वडिलांची जमीन तारण ठेवून हे सांगाडे उभारले. जरबेरा, गुलाब, रंगीत ढोबळी मिरची यांची स्वप्ने दाखवण्यात आली आणि प्रारंभी काहींची खरीही झाली.

पुढे काय झाले, ते सर्वांस ठाऊक आहे. सर्वांनी एकच पीक घेतल्यावर भाव कोसळले. वादळात सांगाडे वाकले. फुलांच्या बाजारात स्वस्त कृत्रिम फुले शिरली. प्लास्टिकच्या छपराखालील खरी फुले प्लास्टिकच्याच फुलांपुढे हरावीत, हा दैवदुर्विलास होय. २०१८ च्या सुमारास पॉलिहाउस आणि शेडनेटधारक शेतकरी कर्जमुक्तीची मागणी घेऊन रस्त्यावर आले. २०१७ च्या कर्जमाफीची दीड लाखांची मर्यादा त्यांच्या कर्जाच्या डोंगरापुढे क्षुल्लक होती. पाठोपाठ मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लग्नसराई बुडाली आणि फुले उकिरड्यावर गेली.

या अपयशाचे खापर शेतकऱ्यांच्या माथी फोडणे अन्यायाचे आहे. सरकारने पैसा दिला नाही, असेही म्हणता येत नाही. पैसा होता, उमेद होती आणि तंत्रज्ञानही होते. नव्हती ती एक गोष्ट: सांगाडा उभारणारा, पीक घेणारा, रोग अभ्यासणारा आणि बाजार जाणणारा यांना एका ठिकाणी बसवून, चुका लहान प्रमाणावर आधी करून पाहणारी व्यवस्था. लहान चुका टाळल्या, म्हणून मोठी चूक पदरी पडली. आणि ती ज्यांच्या पदरी पडली, त्यांनीच एकट्याने तिची किंमत मोजली.

वेस्टलंडची खरी गोष्ट

काचगृहातील शेतीची गोष्ट निघाली, की नेदरलंड्सचा दाखला हमखास दिला जातो. आपल्याकडून अभ्यासदौरे जातात, चकाकत्या काचा पाहून येतात आणि तसेच सांगाडे येथे उभारावे, असे अहवाल देतात. परंतु दुरून डोंगर साजरे. हेगजवळच्या वेस्टलंड या भागात आज टोमॅटो आणि ढोबळी मिरची पिकते. तेथील काचगृहांचा आरंभ मात्र एकोणिसाव्या शतकात झाला तो द्राक्षांपासून. थंड, ओल्या हवेत द्राक्ष पिकावे म्हणून तेथील माळ्यांनी आधी भिंती बांधल्या, मग काचा लावल्या. काच ही त्यांची उमगून आलेली गरज होती. ती त्यांनी कोणाकडून आयात केली नाही.

त्याहून महत्त्वाचे आहे ते काचेच्या मागे उभे राहिलेले समाजकारण. १८८७ मध्ये ब्रुक-ऑप-लांगेडाइक येथे भाजीपाल्याचा पहिला लिलाव झाला आणि उत्पादकांच्या सहकारी लिलावगृहांची परंपरा सुरू झाली. वेस्टलंडमधील नाल्डवाइक येथे विसाव्या शतकाच्या आरंभीच प्रयोगबाग उभी राहिली. उत्पादकांची अभ्यासमंडळे स्थापन झाली. त्यांत एक माळी दुसऱ्याच्या काचगृहात जाऊन त्याचे उत्पन्न, खर्च, खतांचे प्रमाण हे सारे आकडे पाही आणि आपलेही दाखवी. शेजाऱ्याला कळले तर आपले नुकसान होईल, ही भीती त्यांनी जिंकली. कारण स्पर्धा शेजाऱ्याशी नसून दूरच्या बाजाराशी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

शेतकऱ्याची नजर आणि शास्त्रज्ञाची चिकित्सा एकत्र आली, की काय घडते, याचे एक सुंदर उदाहरण इंग्लंडमधले आहे. १९२६ मध्ये एका टोमॅटो उत्पादकाला पानांवरील पांढऱ्या माशीच्या पांढुरक्या पिलांत काही काळी पडलेली दिसली. त्याने ती चेशंट येथील संशोधन केंद्रातील स्पेयर या कीटकशास्त्रज्ञाला दाखवली. त्यांतून बाहेर पडली ती ‘एन्कार्सिया’ ही सूक्ष्म परजीवी गांधीलमाशी. पुढे हे केंद्र ती वाढवून काचगृहांना पुरवू लागले. डीडीटीच्या काळात तिचा विसर पडला. कीटकनाशके निष्प्रभ ठरू लागल्यावर तिची पुन्हा आठवण झाली. नेदरलंड्समध्ये यान कोपर्ट या काकडी उत्पादकाने १९६७ मध्ये लाल कोळ्यावर भक्षक कोळी सोडण्याचा मार्ग धरला आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. काचगृहात विषारी फवारण्या कमी करण्याची वाट अशी उत्पादकांच्या गरजेतून निघाली.

अर्थात तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. १९९० च्या सुमारास जर्मन गिऱ्हाइकांनी डच टोमॅटोला ‘पाण्याचा बॉम्ब’ म्हणून हिणवले, कारण वजनाच्या मागे लागून चव हरवली होती. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर वायूचे दर भडकले आणि अनेक काचगृहे थंड पडली. संशोधनासाठी उत्पादकांकडून सक्तीची वर्गणी घेणारी मंडळे २०१५ च्या आरंभी तेथील सरकारने मोडीत काढली. त्यानंतर हा निधी स्वेच्छेने उभारण्याची खटपट उत्पादकांना करावी लागली. ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो आणि वर्गणी देण्यास मात्र प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो, हा मनुष्यस्वभाव तेथेही आहे. आपण नेदरलंड्सकडून घ्यावयाचे ते हे सारे अनुभव. काच घेऊ नये, कारण त्यांची काच ऊब साठवण्यासाठी आहे आणि आपले दुखणे नेमके उलटे आहे.

आपल्या अंगणातील परंपरा

या गोष्टी परदेशी आहेत, आपल्या मातीत रुजणार नाहीत, असे कोणी म्हणेल, तर ते आपल्याच इतिहासाचे अज्ञान ठरेल. महाराष्ट्रातील द्राक्षशेती ही शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांच्या सहकार्याचीच कहाणी आहे. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी निवडलेला ‘चीमा साहेबी’ हा वाण एके काळी घरोघर माहीत होता. पुढे थॉम्पसन सीडलेस आली आणि तिच्यातूनच तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ निवडला. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ हे वाण दिले. हजारो वेलींतील एकच फांदी वेगळी आहे, हे ज्या डोळ्यांनी टिपले, त्या डोळ्यांना प्रयोगशाळेच्या पदवीची गरज नव्हती; पण त्या फांदीचे गुण पारखून, तिचा प्रसार शास्त्रीय पद्धतीने करण्यासाठी शास्त्रज्ञाची साथ लागतेच.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाने चर्चासत्रे, शिवारफेऱ्या आणि ‘द्राक्षवृत्त’ या मासिकाच्या द्वारे ही साथ घडवून आणली. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’च्या रूपाने सहकारी संस्था निर्यातीसाठी एकत्र आल्या. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. पाण्याची टंचाई आणि क्षारता यांच्याशी झुंजताना ‘डॉगरिज’ खुंटावर कलमे करण्याची पद्धत गावोगाव पसरली, तीही शेतकऱ्यांनी एकमेकांच्या बागा पाहूनच.

आणि सहकार्य ढिले पडले, की काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश सापडला आणि माल अडकला. डोळ्यांत घड धरावेत म्हणून वर्षानुवर्षे वापरले जाणारे हे औषध. त्याची तपासणी आपल्या यादीत त्या हंगामात नव्हती. बागेत काय फवारले जाते, हे शेतकऱ्यास ठाऊक होते. युरोपात काय तपासले जाते, हे तेथील गिऱ्हाइकास ठाऊक होते. या दोन माहित्या एका टेबलावर आल्या नाहीत. त्याची किंमत बागाईतदाराने मोजली. त्यानंतर तपासणीची यादी वाढली, मांजरीच्या प्रयोगशाळेची देखरेख कडक झाली आणि निर्यात पुन्हा सावरली. शहाणपण आले, पण नुकसान झाल्यावर. छपराच्या बाबतीत तरी हा क्रम उलटा व्हावयास हवा.

काय करता येईल?

पहिली गोष्ट अशी, की अनुदानाच्या सरसकट विस्ताराआधी पाच हंगामांचा संयुक्त प्रयोग हाती घ्यावा. चार जिल्ह्यांत, प्रत्येकी पाच, अशा अर्ध्या एकराच्या वीस जागा निवडाव्यात. त्या संशोधन केंद्राच्या कुंपणाआड नसाव्यात. शेतकऱ्यांच्या चालू बागांत असाव्यात आणि त्यांतील निम्म्या तरी दोन-तीन एकरवाल्यांच्या असाव्यात. प्रत्येक आच्छादित तुकड्याशेजारी तेवढाच उघडा तुकडा ठेवून दोहोंच्या नोंदी एकाच पद्धतीने व्हाव्यात. आराखडा मांजरीचे केंद्र, कृषी विद्यापीठे आणि बागाईतदार संघ यांनी मिळून ठरवावा. प्लास्टिक आणि सांगाडे बनवणाऱ्यांना त्यात जरूर बोलवावे, पण निष्कर्ष लिहिणारा हात त्यांचा नसावा.

दुसरी गोष्ट पैशाची. दहा एकरांचे आच्छादन एकरी पाच लाखांनी पन्नास लाख रुपयांत होते. अलीकडच्या हंगामांत आपली द्राक्षांची निर्यात दोन लाख टनांच्या वर गेलेली आहे. किलोमागे दहा पैसे बाजूला काढले, तरी वर्षाला दोन कोटी रुपये जमतात. त्यात सरकारने तेवढीच भर घालावी. हे अशक्य नाही, याची साक्ष त्याच मांजरीत उभी आहे. सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेली आणि आज वसंतदादांच्या नावाने ओळखली जाणारी साखर संस्था कारखान्यांच्याच वर्गणीतून वाढली. उसाला जे जमले, ते द्राक्षाला न जमण्याचे कारण नाही. ज्याने वर्गणी दिली, तो प्रश्न विचारण्यास संकोचत नाही. आणि संशोधनसंस्थेला अशा प्रश्नांची फार गरज असते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. प्रयोग फसला, तर तोही छापला पाहिजे. आपल्याकडे यशोगाथा पुष्कळ प्रसिद्ध होतात. एकरी विक्रमी उत्पन्नाची छायाचित्रे झळकतात. ज्याचा सांगाडा उडाला, ज्याच्या वेलीला दुसऱ्या वर्षी घडच आले नाहीत, तो मात्र ओशाळून गप्प बसतो. त्याचे ते गप्प बसणे शेजारच्या दहा जणांना खड्ड्यात घालते. म्हणून प्रयोगात सहभागी होणाऱ्या शेतकऱ्याला नुकसानीची हमी आधीच द्यावी. संशोधनाचा धोका समाजाने उचलावा. तो एकट्या कर्जदाराच्या सातबाऱ्यावर चढवू नये. आणि यातून मिळालेले सारे आकडे सर्वांसाठी, मराठीत, खुले असावेत.

घाई आणि दिरंगाई

यावर आक्षेप येईल, की आभाळ पाच वर्षे थांबणार आहे काय? बाग आज झोडपली जात असता शेतकऱ्याला प्रयोगाच्या गोष्टी सांगणे म्हणजे तहानलेल्याला विहिरीचा नकाशा दाखवणे होय. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो ज्यांच्या तोंडून येतो, त्यांचे दुःख खरे आहे. परंतु प्रयोग चालू असताना कोणी आच्छादन घालूच नये, असे येथे सुचवलेले नाही. ज्याला ऐपत आहे, त्याने घालावे. पहिल्या हंगामाच्या नोंदीही त्याला उपयोगी पडतील. आक्षेप आहे तो सरकारी पैशाने आणि बँकेच्या कर्जाने, लहान शेतकऱ्याला अंधारात उडी मारावयास लावण्याला. मध्यंतरी पीकविम्याची भरपाई वेळेवर मिळाली आणि हवामानाचा इशारा गावपातळीवर अचूक पोचला, तर त्याला तग धरता येईल.

दुसरे असे म्हटले जाईल, की सरकारी संस्था आणि शेतकऱ्यांचे संघ एकत्र आले, म्हणजे बैठका आणि ठराव यांपलीकडे काही होत नाही. ही टीका अनुभवातून आलेली आहे. म्हणूनच वर्गणी, मुदत आणि खुले आकडे या तीन अटी घातल्या पाहिजेत. ज्या समितीला दरवर्षी वर्गणीदारांसमोर नोंदवही उघडून बसावे लागते, तिला झोप काढता येत नाही.

बदलत्या हवामानात अन्न आणि फळे पिकवावयाची, तर पिकांना आडोसा द्यावाच लागेल. आज द्राक्षाला, उद्या डाळिंबाला, परवा भाजीपाल्याला. तो आडोसा कमी पाण्याचा, कमी विषाचा आणि कमी कर्जाचा असावा, एवढीच अपेक्षा आहे. येत्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाटण्या होतील आणि पुन्हा माना आभाळाकडे वळतील. त्याआधी सरकारने अनुदानाच्या फायलीसोबत प्रयोगाची फाईल उघडावी आणि बागाईतदारांनी किलोमागे दहा पैसे काढून ठेवण्याचा ठराव करावा. वादळ वेलीवरून गेले, तर वेल पुन्हा फुटते. कर्जाखाली दबलेल्या घराला पुन्हा उभे राहण्यास एक पिढी जाते.